कच्चतिवूची जत्रा आणि ट्रॉलचे जाळे

तमिळनाडूत निवडणुकीचे वारे वाहू लागले की कच्चतिवू बेट हमखास पाण्यावर येते. 2024 च्या लोकसभेआधी खुद्द पंतप्रधानांनी तो विषय काढला. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडू विधानसभेने बेट परत घ्या, असा ठराव केला. जेमतेम 285 एकरांचा, वस्ती नसलेला हा तुकडा 1974 च्या करारात श्रीलंकेकडे गेला. उद्या तो परत मिळालाच, तर रामेश्वरमच्या ट्रॉलरवाल्याला काय मिळणार? तो रात्री ज्या पाण्यात जातो, ते बेटाच्या कितीतरी पुढे, श्रीलंकेतल्या जाफनाच्या किनाऱ्यालगत आहे.

या बेटावर एकच वास्तू महत्त्वाची, संत अँथनीचे चर्च. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथे दोन दिवसांची जत्रा भरते. रामेश्वरमहून होड्या येतात, जाफनाहून येतात, प्रार्थना तमिळमध्ये होते. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. तशी मुभा 1974 च्या करारातच लिहिलेली आहे. कागदावर सीमा आखणाऱ्यांना निदान एवढे भान होते, की दोन्हीकडचे लोक एकमेकांचे सोयरे आहेत. श्रीलंकेतल्या यादवीच्या काळात जत्रा बंद पडली, नंतर पुन्हा सुरू झाली. 2024 मध्ये मात्र श्रीलंकेच्या तुरुंगातल्या साथीदारांसाठी रामेश्वरमच्या मच्छीमारांनीच तिच्यावर बहिष्कार टाकला. परिषदा आणि घोषणापत्रांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेले हे दोन किनाऱ्यांचे व्यासपीठ असे मोडते, तेव्हा काळजी वाटायलाच हवी.

बिघडले कुठे? दोन्ही किनाऱ्यांमधला पाल्कचा उपसागर उथळ. अशा पाण्यात तळ खरवडत जाणारे ट्रॉल ओढले की कोळंबीबरोबर समुद्री गवत, पिल्ले, शंख-शिंपले सगळेच वर येते. ज्या गवतावर समुद्रगाय जगते, ते हेच. तिच्यासाठी तमिळनाडूने 2022 मध्ये याच उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर केले. समुद्रगायीला अर्थातच सीमारेषा दिसत नाही. यादवीत श्रीलंकेच्या उत्तरेतल्या तमिळ मच्छीमारांना समुद्रात जायची बंदी होती. त्या मोकळ्या पाण्यात आपल्या ट्रॉलरांनी हात धुऊन घेतले. यादवी संपल्यावर, 2009 नंतर, ते मच्छीमार छोट्या फायबर होड्या घेऊन परतले, तर रात्रीत त्यांची जाळी कापली जाऊ लागली. आपल्याकडे बातमी येते ती श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या भारतीय मच्छीमारांची. जाफनाच्या कापलेल्या जाळ्याची बातमी मराठीत मी तरी वाचलेली नाही.

हा गुंता सोडवायला मच्छीमार स्वतः बसले होते. 2010 मध्ये श्रीलंकेचे प्रतिनिधी तमिळनाडूत आले; 2014 मध्ये चेन्नई आणि कोलंबोत, 2015 मध्ये पुन्हा चेन्नईत बैठका झाल्या. बेट कोणाचे, हा वाद तिथे मुख्य नव्हताच. ट्रॉल कधी थांबवता, हा होता. तमिळनाडूवाले मुदत मागत, जाफनावाले आधीच्या मुदतीची आठवण देत. पुढे 2017 मध्ये श्रीलंकेने ट्रॉलवर कायद्याने बंदी घातली. आपण ट्रॉलर सोडून खोल समुद्रात जाणाऱ्यांसाठी अनुदानाची योजना काढली, पण नवी बोट 80 लाखांच्या घरातली आणि टूना धरायचे कसब वेगळे. योजना रखडली. माझ्या मते त्या बैठकांची खरी खोट आणखी एक होती: आपल्याकडून टेबलावर प्रामुख्याने बोटमालक, तुरुंगात प्रामुख्याने मजुरीवरचे खलाशी. आपल्याच किनाऱ्यावरचा वल्ह्याच्या होडीवाला तर कोणाच्या खिजगणतीत नाही, आणि ट्रॉलने त्याचेही पाणी ओरबाडले आहे.

किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्या मालवणच्या रापणकराला हे समजावून सांगायला नको. कर्नाटकातल्या मालपेचे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गात घुसतात, मासळी उपसून जातात. एखादा पकडला की दंड भरतो, सुटतो. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर 2016 मध्ये निर्बंध आले, तरी झगडा संपलेला नाही. इथे तर परराष्ट्र खात्याचीही आडकाठी नाही, तीन राज्ये एकाच देशातली. तरीही महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकच्या मच्छीमारांना नियमाने समोरासमोर बसवणारी बैठक नाही.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, माणसे घरी असतात. तिन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय मंत्र्यांनी यंदा त्याच दिवसांत मालवणात ही बैठक बोलवावी, आणि पहिले बोलणे रापणकराचे ऐकावे.