काटा गेला, काम नाही गेलं



ऑक्टोबर छाटणी उरकली, डोळ्यांना पेस्ट लावून झाली, टोळी परवाच दुसऱ्या गावाला गेली. हाताला जरा उसंत आहे, म्हणून बरेच दिवस राहिलेलं उत्तर आज लिहितो.

जूनमध्ये मी लेकीच्या परसातल्या ब्लॅकबेरीचे फोटो टाकले होते. काळीभोर फळं, गुळगुळीत काडी, आणि नात उघड्या हाताने फळं तोडतेय. तेव्हापासून एकच विचारणा चालू आहे. "नाना, ही बिनकाट्याची रोपं आपल्याकडे मिळतील का? एकरी किती बसतील?"

मी हसून सोडून देत होतो. पण गेल्या आठवड्यात सख्खा पुतण्या घरी आला. सलग दोन वर्षं ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला, म्हणून त्याने वीस गुंठे द्राक्षबाग काढून टाकलीय. आता तिथे बिनकाट्याची ब्लॅकबेरी लावायची म्हणतो. कुणी एक रोपवाला येऊन गेलाय. साडेचारशे रुपयाला एक रोप, निम्मे पैसे दिवाळीआधी, फळ आम्हीच उचलू म्हणतोय. मी नको म्हटलं तर पोरगं म्हणालं, "नाना, फोटो तर तुम्हीच टाकला ना?"

खरंय. फोटो मीच टाकला. मग त्या फोटोमागची गोष्टही मीच सांगायला पाहिजे.

लेक-जावई अमेरिकेत आर्कान्सा राज्यात बेंटनव्हिलला असतात. मी आणि मंडळी मार्चमध्ये गेलो, सप्टेंबरात परत आलो. घरामागे चार ब्लॅकबेरी होत्या, लेकीने दोन वर्षांपूर्वी लावलेल्या. दोन वॉशिटा आणि दोन नॅचेझ. नावाच्या पट्ट्या अजून बुंध्याला होत्या. पण झाडं म्हणजे नुसतं जंगल झालेलं. वाळकी काडी, हिरवी काडी, सगळा गुंता. "बिनकाट्याची आहे, काही करावं लागत नाही," असं तिला कुणीतरी सांगितलेलं.

मी निफाडचा माणूस. चाळीस वर्षं कात्री चालवतोय. मार्च संपत आला होता. आपल्याकडे त्या दिवसांत काय करतात? खरड छाटणी. हात आपोआप तिकडेच गेला. लेक कामावर गेलेली, मी सकाळी दोन्ही नॅचेझ जमिनीपासून वीतभर ठेवून सपाट करून टाकल्या. वॉशिटाला हात घालणार तेवढ्यात पाऊस आला, म्हणून थांबलो. संध्याकाळी लेक आली, बघून गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "नाना, यंदाचं फळ त्याच काड्यांना लागणार होतं."

तिने मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा समजलं. ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण काडीचं आयुष्य दोनच वर्षांचं. पहिल्या वर्षी काडी नुसती वाढते. हिवाळा खाते. दुसऱ्या वर्षी त्याच काडीला फुलं-फळं येतात, आणि फळ संपलं की काडी मरते. म्हणजे मार्चमध्ये उभी असलेली हिरवी काडी ही आपल्या ऑक्टोबर छाटणीच्या काडीसारखी. माल तिच्यात भरलेला. आणि मी तिच्यावर एप्रिल छाटणी केली.

नातीला यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की आजोबांनी तिची दोन झाडं तोडली. जूनमध्ये वॉशिटाला फळ आलं, नॅचेझला फक्त नवीन हिरवे फोक. फोटोत तुम्हाला दोनच झाडं दिसली, ती पावसाने वाचवलेली.

हे मी मुद्दाम सांगतोय. चाळीस वर्षं छाटणी केलेला माणूस चार झाडांत दोन चुकला. लेकीच्या परसात त्याची किंमत एक उन्हाळा आणि नातीचा रुसवा. वीस गुंठ्यात ती किंमत किती होते, हिशेब तुम्हीच करा.

आता परसातल्या लागवडीचं, जे मी शिकलो आणि स्वतःच्या हाताने केलं ते सांगतो. परदेशात थंडीच्या गावात आपली बरीच मुलं राहतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

जागा सहा-सात तास ऊन लागणारी पाहिजे, आणि पाणी साचायला नको. तिथली जमीन गारगोट्यांनी भरलेली, त्यामुळे निचरा आपोआप होतो. सामू थोडा आम्ल, साडेपाच ते साडेसहा. आपली चुनखडीची काळी जमीन याला मानवणार नाही, पानं पिवळी पडतील. एकच झाड लावलं तरी फळ धरतं, परागासाठी जोडीदार लागत नाही. ताठ वाढणारा वाण दोन-तीन फुटांवर, पसरणारा पाच-सहा फुटांवर. दोन लोखंडी अँगल आणि दोन तारा एवढा मांडव पुरतो.

नवा फोक साधारण साडेतीन फुटांचा झाला की शेंडा खुडायचा. आपण सबकेन करताना खुडतो तसाच. बगलफुटी निघतात, पुढच्या वर्षीचं फळ त्यांच्यावरच. हिवाळ्याच्या शेवटी त्या बगलफुटी फूट-दीड फूट ठेवून आखूड करायच्या. फळ संपलं की ज्या काडीने फळ दिलं ती बुडातून काढून बागेबाहेर टाकायची. एवढीच छाटणी. पण ती दरवर्षी, न चुकता. लेकीच्या झाडांचं जंगल झालं ते एवढं न केल्यामुळे.

तोडणीचं गणितही वेगळं. चकाकणारं काळं फळ तोडलं तर तोंड आंबट. एक-दोन दिवस थांबा, चकाकी जाऊन फळ जरा मंद दिसायला लागतं, हात लावला की सुटून येतं, ते खरं पिकलेलं. तोडल्यावर ते घरात गोड होत नाही. वॉशिटाच्या दोन झाडांनी महिनाभरात मिळून साडेचार किलो दिलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेलं. दर दोन दिवसांनी तोडणी. त्यातलं पक्ष्यांनी नेलं ते वेगळं. जूनच्या शेवटी जपानी भुंगे आले, ते सकाळी गारठलेले असताना साबणाच्या पाण्यात झटकायचे, हे काम नात आणि मी केलं. तिचा रुसवा तिथे गेला.

आता मुद्द्याचं. हा काटा गेला कसा?

बेंटनव्हिलपासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर फेएटव्हिलला आर्कान्सा विद्यापीठ आहे. तिथे जेम्स मूर या शास्त्रज्ञाने 1964 मध्ये ब्लॅकबेरीचं काम सुरू केलं. ताठ वाढणारी, चांगल्या फळाची झाडं होती, पण काटेरी. बिनकाट्याचा गुण इंग्लंडच्या मर्टन थॉर्नलेस या वाणात होता, पण तो दबून राहणारा गुण. संकर केला की पहिल्या पिढीत सगळी पोरं काटेरीच. त्यात या झाडाला गुणसूत्रांचे चार संच, त्यामुळे त्या पोरांचा आपसात संकर केला तरी हिशेबाने छत्तीस रोपांत एक बिनकाट्याचं. आणि ते एक निघालं तरी फळ चांगलं असेल, काडी ताठ असेल, याची खात्री नाही. ताठ आणि बिनकाट्याचा नवाहो वाण बाहेर पडायला जवळपास पंचवीस वर्षं गेली. मग जॉन क्लार्क यांनी काम पुढे नेलं. 2003 ला वॉशिटा, 2007 ला नॅचेझ, 2013 ला प्राइम-आर्क फ्रीडम.

म्हणजे लेकीच्या परसातलं झाड हे त्याच मातीत, त्याच थंडीत, चाळीस वर्षं निवडलेलं झाड आहे. ते तिथे सोपं वाटतं, कारण अवघड काम आधीच कुणीतरी करून ठेवलंय. तेही तिथल्या हवेसाठी.

उन्हाळा तिथेही आपल्यासारखाच तापतो. फरक आहे हिवाळ्यात. या झाडाला फुटण्याआधी सात अंशांच्या खालची थंडी ठरावीक तास लागते. कमी थंडीवर भागणाऱ्या वाणांना तीन-चारशे तास, नवाहोला आठशेच्या पुढे. बेंटनव्हिलला हिवाळाभरात हजाराच्या वर तास सहज होतात.

तुम्ही म्हणाल, निफाडचा पारा पाच-सहावर येतो, पेपरला बातमी असते. येतो ना. पण किती वेळ? पहाटे चार ते आठ. दहा वाजता स्वेटर निघतो, दुपारी अठ्ठावीस अंश. अशा वीस पहाटा धरल्या तरी चार तासांप्रमाणे ऐंशी तास झाले. कुठे ऐंशी, कुठे तीनशे! थंडी कमी पडली की डोळे अर्धेमुर्धे फुटतात, फूल मागेपुढे येतं, काडी आंधळी राहते.

पुतण्याने यावर बरोबर प्रश्न विचारला. "द्राक्ष तरी कुठे आपलं? तेही थंड देशातलंच." मला आवडला प्रश्न. पण द्राक्ष इथे रुळलं ते रोप विकत घेतल्याने नाही. वर्षात दोन छाटण्या बसवल्या, एकसारखं फुटावं म्हणून पेस्ट आली, खारट जमिनीसाठी डॉगरिज खुंट आला. तासगावकडे बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी बागेतून तास-ए-गणेश निवडला, सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. मांजरीला संशोधन केंद्र उभं राहिलं. किती बागायतदारांचे हात त्यात पोळले ते आपण जाणतो. ब्लॅकबेरीसाठी हे काम आपल्याकडे अजून व्हायचंय. ते कुणीच करू नये असं मी म्हणत नाही. त्याच वर्षीच्या नव्या काडीला फळ देणारे वाण आहेत, प्राइम-आर्क फ्रीडम त्यातला, त्या फळासाठी थंडीची अट आड येत नाही. पण फुलोऱ्यात तिशीच्या पुढे तापमान गेलं की फळधारणा बिघडते. करायचा तर प्रयोग महाबळेश्वरसारख्या गार ठिकाणी, चार-पाच झाडांवर, दोन-तीन हंगाम. कर्ज काढून वीस गुंठ्यावर नको.

काहींनी मला विचारलं, "येताना बॅगेत दोन काड्या टाकायच्या ना!" नाही टाकल्या. परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय परदेशी रोप, काडी देशात आणता येत नाही, 2003 च्या आदेशात ते स्पष्ट आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी मी आणली नसती. एप्रिलमध्ये तिथे एका शेजाऱ्याच्या झाडावर नारिंगी तांबेरा बघितला. पानामागे नुसती शेंदरासारखी भुकटी. तो रोग झाडाच्या अंगात भिनतो, फवारून बरा होत नाही, मुळासकट उपटावं लागतं. लागण झालेली काडी वरून धडधाकट दिसू शकते. दोन काड्यांच्या हौसेपायी डोंगरातल्या आपल्या रानरासबेरीला असला रोग कशाला द्यायचा?

म्हणून कुणी ही रोपं विकायला आलं तर एवढं विचारा. वाणाचं नाव काय, कागदावर लिहून द्या. मातृझाड कुठल्या परवान्यावर आलं? आपल्याच हवेच्या गावात दुसऱ्या वर्षाचं फळ घेतलेला मळा दाखवा, फोटो नको. हे फळ शून्य-एक अंशाला ठेवलं तरी मोजके दिवस टिकतं, मग शीतगृहाची गाडी कुणाची? आणि झाड बघून तुतीचंच रोप ब्लॅकबेरी म्हणून देत नाहीत ना, एवढी खात्री करा. इंग्रजीत जांभळालासुद्धा काहीजण इंडियन ब्लॅकबेरी म्हणतात, तेव्हा नावावर जाऊ नका.

पुतण्याने रोपवाल्याला हे चार प्रश्न फोनवर विचारले. पहिल्याचं उत्तर मिळालं, "बिनकाट्याची." बाकीच्यांचं उद्या सांगतो म्हणाला. त्याला पाच दिवस झाले.

पैसे अजून दिलेले नाहीत. पण पोरगं काल रात्री म्हणालं, "ठीक आहे नाना, मग वीस गुंठ्यात लावू काय?" खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. एवढं ठरवलंय की घाईने काही लावायचं नाही. पाण्याची सोय आहे, ताग पेरायचा, फुलावर आला की गाडायचा. वीस वर्षं द्राक्षाने पिळलेल्या जमिनीला एक हंगाम आराम. तोवर चार ठिकाणी फिरून बघू.

तुमच्यापैकी कुणी महाराष्ट्रात ब्लॅकबेरीचं दुसऱ्या वर्षाचं फळ खरंच घेतलं असेल तर सांगा. पुतण्याला घेऊन स्वतः बघायला येतो, आणि मी चुकलो असेन तर तेही इथेच लिहीन.

ता. क. नातीने काल व्हिडिओ कॉल करून नॅचेझ दाखवल्या. मी सपाट केलेल्या बुडातून आलेल्या काड्या छातीएवढ्या झाल्यात, जुलैत शेंडा मी खुडून आलो होतो. पुढच्या जूनमध्ये फळ येईल. तिने बजावलंय, "आजोबा, मार्चमध्ये कात्रीला हात लावायचा नाही."