दिव्याखालचा हिशेब

‘एलईडी आहे, राहू दे जळत, त्याला वीज लागतेच किती?’ हे वाक्य अलीकडे घराघरांत, देवळांच्या सभामंडपांत आणि पंचायतींच्या कचेऱ्यांतही सर्रास ऐकू येते. ते अर्धे खरे आहे, म्हणूनच त्याचा प्रतिवाद कोणी करीत नाही. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या घरांत तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसली जात असे, तेथे उजेडाचा खर्च डोळ्यांना दिसत असे. बाटलीतले रॉकेल तळाला गेले की गृहिणी वात बारीक करी. विजेने हे दिसणे नाहीसे केले. महिन्याने बिल येते, पण त्यात दिव्यांचे किती, पंख्यांचे किती आणि पाणी तापविण्याचे किती, याचा उलगडा नसतो. तो ज्याचा त्यानेच करावयाचा असतो, आणि त्यासाठी प्राथमिक शाळेतील गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

दिव्यावर छापलेल्या वॅटांना रोजच्या तासांनी व महिन्याच्या दिवसांनी गुणावे आणि हजाराने भागावे. येईल ते उत्तर युनिटांत. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिटे खातो. जवळजवळ तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १.३५ युनिट घेतो. युनिटला ४ रुपये दर धरला, तर महिन्याचा खर्च ३६ रुपयांवरून साडेपाच रुपयांच्याही खाली येतो. हा दर आम्ही केवळ सोयीसाठी धरला आहे. वाचकांनी तो आपल्या बिलावरून घ्यावा. मात्र एकूण बिलाला युनिटांनी भागून निघणारी सरासरी येथे उपयोगाची नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत जातो आणि वाचलेले युनिट सर्वांत वरच्या, म्हणजेच महागड्या, टप्प्यातले वाचते.

हाच गुणाकार उत्साहाला आवरही घालतो. कोठीच्या खोलीतला साठ वॅटचा बल्ब दिवसाकाठी १० मिनिटे लागत असेल, तर महिन्याला त्याची वीज सव्वा रुपयाची. तो बदलण्याची घाई कशाला? तसेच १५ वॅटचा चालू स्थितीतील सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावल्यास, रोज ५ तासांच्या वापरात, महिन्याला साडेतीन रुपयांच्या आसपास वाचतात. शंभर रुपयांच्या नव्या दिव्याची किंमत वसूल व्हावयास सव्वादोन वर्षे उलटावी लागतील. जो दिवा सर्वांत जास्त तास जळतो तो आधी बदलावा, इतके साधे सूत्र यातून निघते. (निकामी सीएफएलमध्ये पारा असतो, तो घरातल्या कचऱ्यात टाकू नये.)

शिवाय दिवा किती दिवस टिकतो हाही खर्चाचाच भाग आहे. वेष्टनावर २५,००० तासांचे आयुष्य छापलेले असते. रोज ५ तासांच्या हिशेबाने ते तेरा वर्षांहून अधिक भरते. आमच्या किनाऱ्यावर इतकी वर्षे टिकलेला दिवा कोणी पाहिला असेल तर त्याने जपून ठेवावा! दिव्यातील प्रकाश देणारा कण सहसा दोषी नसतो. त्याला वीजपुरवठा करणारे आतले छोटे यंत्र उष्णतेने, दमट खाऱ्या हवेने आणि पावसाळ्याच्या तोंडावर होणाऱ्या विजेच्या चढउतारांनी मरते. बंद काचेच्या हंडीत बसविलेला दिवा तर स्वतःच्याच उष्णतेने लवकर जातो. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आणि हमीची मुदत न पाहता फुटपाथवरून घेतलेला दिवा वर्षात दोनदा बदलावा लागला, की विजेची बचत दुकानदाराच्या गल्ल्यात जमा होते.

किमतीची सबब मात्र आता उरलेली नाही. केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून जानेवारी २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक दिवे लोकांपर्यंत गेले. तीनशेहून अधिक रुपयांचा सरकारी घाऊक खरेदीचा भाव त्या सुमारास दोन-तीन वर्षांत चाळिशीच्या आत आला. अर्थात, दिवे बदलले म्हणून बिल निम्मे व्हावे अशी अपेक्षा करणारा गृहस्थ निराश होईल. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा दिवा १११ तास चालतो.

घरातील दिव्याकडे निदान घरधन्याचे लक्ष असते. रस्त्यावरच्या दिव्याला धनी कोण? एक कल्पित पंचायत घेऊ. तिचे ३०० दिवे पूर्वी सत्तर वॅटचे सोडियमचे होते. चोकसह एकेक सुमारे ८५ वॅट. रात्रीचे १२ तास धरले तर महिन्याला ९,१८० युनिटे. त्यांच्या जागी २४ वॅटचे एलईडी लावले की २,५९२. बचत निर्विवाद आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे. परंतु हेच दिवे सूर्योदयानंतर रोज दोन तास तसेच जळत राहिले, तर महिन्याला ४३२ युनिटे उन्हात जातात. आमच्या धरलेल्या दराने हे १,७२८ रुपये झाले, वर्षाला वीस हजारांहून अधिक. आणि ही गोष्ट एका गावाची.

दुसरी बाजूही आहे. तीनशेपैकी साठ दिवे बंद पडले आणि बिल तितकेच राहिले, तर दिव्यांचा आकडा तरी खोटा किंवा तासांचा तरी. जेथे मीटर न लावता दिव्यांच्या संख्येवर आकारणी होते, तेथे अंधारात उभा असलेला खांबही बिलात उजळून निघण्याचा संभव असतो. बिल पंचायतीच्या तिजोरीतून जावो की सरकारच्या, पैसा जनतेचाच.

आणि केवळ पैसा नव्हे. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून, कोर्बा, विंध्याचल यांसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून येते. तेथे एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. नव्या वीजवाहिन्यांसाठी मोलेच्या अरण्यातील झाडांवर कुऱ्हाड चालविण्याचा प्रश्न २०२० साली किती तीव्रतेने पुढे आला, हे वाचक विसरले नसतील. त्या वेळी झाडांच्या बाजूने बोललेल्या आम्हां सर्वांना आपल्या वाडीतील भर दुपारी जळणारा दिवा दिसू नये, हे चमत्कारिक आहे.

पंचायतीने दरमहा आपल्या फलकावर चार आकडे लावावेत: दिवे किती, त्यांपैकी चालू किती, प्रत्येकाचे वॅट किती आणि बिलातील युनिटे किती. सायंकाळी लागणारे व पहाटे विझणारे स्वयंचलित बटण कोणत्या वाडीत चालू आहे, हेही त्याखाली लिहावे. पुढील ग्रामसभेत हा विषय कोणीतरी मांडावा, आणि मांडणाऱ्याने आपल्या वाडीतील दिवे मोजून जावे.