माग फळाचा, नाव कुणाचं?

काटोल तालुक्यातल्या एका गावात बैठक होती. विषय होता फळाचा माग ठेवण्याचा. संत्रं कोणत्या बागेतून आलं, त्यावर कोणतं औषध कधी मारलं, याची नोंद ठेवायची. मी विचारलं, "शेवटची फवारणी कधी झाली?" पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. मागून एक बाई म्हणाली, "पोळ्याच्या दोन दिवस आधी. पाणी मीच वाह्यलं." औषध कोणतं, पंप किती, सगळं तिला पाठ. वहीत तिचं नाव लिहायला लागले, तर म्हणाली, "सातबारा तं मालकाचा हाय, माहं नाव कायले?"

शेतकरी अशा नोंदींना तयार होत नाहीत, ही तक्रार नेहमीची. पण द्राक्षवाले झालेच की! २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर २००६ मध्ये 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' सुरू केलं. बागेची नोंदणी, अंशांची तपासणी, मगच निर्यात. नोंद केली तर युरोपचा बाजार मिळतो, हे नाशिककडच्या शेतकऱ्याला दिसत होतं.

आपल्याकडे बाग बरेचदा झाडावरच व्यापाऱ्याला विकली जाते. अनेक बागांचा माल पुढे एकत्र होतो. मग नोंदीचे कष्ट शेतकऱ्याचे, वाढीव भाव व्यापाऱ्याचा, आणि खोट निघाली तर माग शेतकऱ्याच्या दारात! तो बिचकला तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

पण मैत्रिणींनो, 'तो' म्हणताना आपणही चुकतोच. बागेची नोंदणी सातबाऱ्यावरून होते. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा झालेला शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरच बेतलेला. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'ने बाईचं नाव सातबाऱ्यावर चढवा म्हणून सांगितलं, त्याला तीस वर्षं उलटून गेली. तरी निंदणारी, तोडणारी, पाणी वाहणारी बाई अजून कागदाबाहेरच. उद्या वही तीच भरेल, सही मात्र मालकाची!

आणि माग फक्त फळाचाच का? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. फळावरचा अंश मोजायला प्रयोगशाळा आहे. औषध कालवणाऱ्या हातांची, त्या शेतात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणाऱ्या मजूर बाईची नोंद कोण ठेवणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की या पद्धतीला आपण नकार देऊ नये, अटी घालाव्यात. जमीन नावावर असो-नसो, काम करणारीचं नाव नोंदीत हवं. फवारणीच्या वहीत फवारणाऱ्यांच्या तब्येतीचा रकाना हवा. नोंद ठेवलेल्या मालाला जादा भाव हवा, आणि त्यातला वाटा नोंद ठेवणारीच्या खात्यात.

पुढच्या बैठकीत त्या बाईचं नाव मी वहीत लिहिणार आहे. 'कायले' याचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे.