आई, बंब आणि एजंट

गेल्या ऑक्टोबरात मी ऑफिसभर एक स्क्रीनशॉट मिरवत होतो. 'या आठवड्यात गिझरचा वापर शून्य. बचत शंभर टक्के.' मेसेज पाठवणारा होता माझा एआय एजंट. गिझर होता ढोकीला, आईच्या न्हाणीत. टीममधल्या पोरांनी टाळ्या दिल्या, कॉफी माझ्याकडून उकळली. एवढी हुशार टीम. पण घरातली बाई रोज पहाटे अंघोळ करते, मग वापर शून्य कसा, हा प्रश्न एकालाही पडला नाही. मलासुद्धा नाही!

सुरुवातीपासून सांगतो. ढोकी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं (तुमच्या सवयीचं उस्मानाबाद) माझं गाव. तेरणा साखर कारखान्यामुळं लोकांना माहीत असलेलं. गोरोबाकाकांचं तेर तिथून जवळच. लहानपणी आमच्याकडे तांब्याचा बंब होता. पहाटे आई त्यात तुराट्या पेटवायची. वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून कढत पाणी बाहेर. बाबांची पाळी कुठली, पाहुणे किती, गारठा किती, हे बघून ती जाळ कमी-जास्त करायची. पुढं बंब मोडीत गेला आणि घरात रॉड आला. प्लॅस्टिकच्या बादलीत सोडायचा तो.

त्या रॉडचं मला कायम टेन्शन. कारण आईची एक जुनी सवय. बटण चालू असतानाच पाण्यात बोटं बुडवून 'तापलं का' ते बघायची. बंबाच्या काळात ते चालून गेलं. रॉडमध्ये बिघाड असेल तर तेच पाणी जीव घेऊ शकतं. फोनवर शंभरदा सांगून झालं. 'बरं बरं' म्हणायची आणि पुन्हा तेच.

म्हणून २०२५ च्या गणपतीत मी पंधरा लिटरचा गिझर घेऊन गावी पोचलो. पण नुसता गिझर बसवला तर आपण आयटीवाले कसले, बॉस? सोबत वीज मोजणारा सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग, एक छोटा रास्पबेरी पाय, त्यावर होम असिस्टंट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, आणि त्याला जोडलेला एआय एजंट.

टायमर आणि एजंट यात फरक काय? टायमरला आपण वेळ सांगतो, एजंटला काम. पाचला चालू हो म्हटलं की टायमर पाचला चालू होतो, घरात कुणी असो-नसो. एजंट प्लगवरचं रीडिंग बघतो, हवामान बघतो, विजेचे दर बघतो, आणि स्वतः ठरवून बटण दाबतो. मी त्याला एका ओळीत काम सांगितलं : 'गिझरचं बिल कमीत कमी ठेव.' आणि निवांत पुण्याला परतलो.

आता त्याच्या डोक्यानं विचार करा. जुलै २०२५ पासून महावितरणनं टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू केली. दिवसा सौर वीज मुबलक असते, म्हणून हा फंडा. आमच्या घरी तो मीटर बसलेला. एजंटनं दर वाचले आणि दुपारी चारला पाणी तापवायला सुरुवात केली. अंघोळ पहाटे साडेचारला! मधल्या बारा तासांत पाण्यातली ऊब हळूहळू निघून जायची आणि आईच्या बादलीत कोमट पाणी यायचं. पहाटे पुन्हा तापवायचं तर पूर्ण दर लागणार. मग कशाला तापवा?

हिशोब मी नंतर मांडला. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी अठरा-वीस मिनिटं पुरतात. सवलत धरली तर दिवसाला वाचले ४८ पैसे. महिन्याला चौदा-पंधरा रुपये. म्हणजे पुण्यात धड एक वडापाव नाही! आणि रात्रभरात उडालेली ऊब परत भरायची म्हटलं तर हे पैसे सहज त्यातच जातात.

दिवाळीला घरी गेलो. नरक चतुर्दशी, पहाटेची वेळ. उटण्याचा वास आणि न्हाणीत दिवा. आणि बघतो तर बादलीत रॉड!

"आई, हे काय? गिझर बंद पडला का?"

"बंद कुठं, चालूच हाय की. पाणी कोमट येतंय नुसतं. म्हटलं असंल नव्या यंत्राची काहीतरी रीत."

"मग मला फोन नाही करायचा?"

"तू मीटिंगमध्ये असतोस. उगं कशाला तुला तरास?"

एवढं बोलून तिनं पाण्यात बोटं बुडवली. रॉड चालू होता. माझ्या पोटात गोळा आला. धावत जाऊन मी भिंतीवरचं बटण बंद केलं. नशीब, काही झालं नाही.

अंगाला उटणं तसंच, आणि मी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो. नोंदींमध्ये सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. कोमट पाण्याला कंटाळून आईनं गिझरचा नळ सोडणंच थांबवलं होतं. एजंटला दिसलं की पाणी कुणी वापरत नाही. मग त्यानं तापवणंही थांबवलं आणि मला कळवलं, बचत शंभर टक्के. त्याचं काही चुकलं का हो? मी सांगितलेलं काम त्यानं चोख केलं. ज्या रॉडपासून आईला लांब ठेवायचं म्हणून हा खटाटोप, तोच रॉड माझ्या एका वाक्यानं परत न्हाणीत आला होता. त्या वाक्यात बिल होतं, आई नव्हती.

भाऊबीजेपर्यंत मुक्काम वाढवला आणि सगळं नव्यानं लावलं. तुम्हीही घरी असलं काही करणार असाल तर एवढं बघाच.

एक, काम सांगताना आधी माणसाची गरज सांगा, मग बचत. आता आमचा हुकूम असा : पहाटे साडेचारला पाणी कढत हवं म्हणजे हवं. त्यात काही वाचवता आलं तर वाचव.

दोन, गिझरच्या आतला थर्मोस्टॅट, थर्मल कटआउट आणि प्रेशर व्हॉल्व्ह यांना हात लावायचा नाही. पाणी किती तापू द्यायचं, ते या मुक्या पार्टांनी ठरवायचं. एजंटनं फक्त कधी तापवायचं ते बघावं. आणि बचतीसाठी टाकीत कोमट पाणी दिवसचे दिवस साठवू नका. २५ ते ४५ अंशांत लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, त्यांच्यापासून फुप्फुसांचा आजार होतो.

तीन, न्हाणीच्या लाइनवर तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. चांगलं अर्थिंगही हवं. हे काम इलेक्ट्रिशियनचं. एआयला यातलं काही जमत नाही.

चार, भिंतीवर एक साधं बटण ठेवा. आईनं दाबलं की पाणी तापलंच पाहिजे. एजंटनं काहीही ठरवलेलं असो, नेट असो वा नसो.

पाच, वापर शून्य झाला तर ती बचत समजू नका. यावर मात्र आईशी भांडण झालं. "माझ्या आंघोळीची खबर पुण्याला कशाला?" तिचं म्हणणं रास्तच होतं. तिला न विचारता गेले दोन महिने मी तिच्या न्हाणीत डोकावत होतो. शेवटी तिच्याशी बोलून ठरलं : रोजचा हिशोब घरातच राहील. सलग दोन दिवस गरम पाणी वापरलं गेलं नाही तरच मला एक मेसेज येईल, 'आईला फोन कर.' बस्स.

आता एजंटचा खरा उपयोग होतोय. आदल्या रात्री आई त्याला मराठीत सांगते, "उद्या तेरला जायचंय, पाणी तीनला लागंल." पहाटे लाइट जाणार असं कळलेलं असलं तर तेही सांगून ठेवते. तो आधीच तापवून ठेवतो. जाळ किती घालायचा हे बंबापुढं बसून ती ठरवायची, तसंच पुन्हा तिनंच ठरवायचं आणि एजंटनं फक्त तुराट्या घालायच्या.

निघताना रॉड मी गुपचूप बॅगेत टाकला. आईनं पाहिलंच.

"ने की. तुझ्या यंत्रानं परत कोमट पाणी दिलं तर बाजारातून नवा आणीन."

तेव्हापासून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. जेवलीस का, हा नंतर. आधी, "आई, पाणी कढत येतंय ना?" तुम्हीही आज घरी एकदा विचारून बघा.