राखीव क्षेत्रातला पाय

सुवर्णपदक मिळाले, राष्ट्रगीत झाले, मग आता त्या एका चढाईचा काथ्याकूट कशाला, असा प्रश्न आमच्या शिक्षक-दालनात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी केला होता. त्यांच्या स्वरात जी दया होती ती आम्ही अजून विसरलेलो नाही. मराठी शिकवणाऱ्यांनी कबड्डीच्या नियमांवर भांडावे हे त्यांना शोभेसे वाटले नाही. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. तो वाद खेळाचा कमी आणि पाठाचा अधिक होता, आणि पाठाच्या वादात मराठीचे प्राध्यापक बोलणार नाहीत तर कोण बोलणार?

प्रसंग ७ ऑक्टोबर २०२३ चा. हांगझोउ आशियाई क्रीडास्पर्धा, पुरुष कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. सामना संपायला जेमतेम मिनिटभर उरलेले आणि गुणफलकावर २८-२८. कर्णधार पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श होण्यापूर्वीच त्याचा पाय राखीव क्षेत्रात पडला. त्याला धरण्याच्या ओघात इराणचे बचावपटूही त्याच्या मागोमाग त्याच पट्टीत उतरले.

ज्यांनी मैदान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर रुंदीची पट्टी असते. दूरचित्रवाणीवर तिला लॉबी म्हणतात. चढाईपटू आणि बचावपटू यांची झटापट होईपर्यंत ही पट्टी मैदानाबाहेर समजायची. झटापट झाली की तीच पट्टी मैदानात येते. जमीन तीच, चुन्याची रेघ तीच, पण एका स्पर्शाने तिचा अर्थ फिरतो. अलंकारशास्त्र शिकवताना आम्ही याहून चांगले उदाहरण शोधू शकलेलो नाही.

आता स्पर्शच झाला नसेल तर? चढाईपटू बाद, यावर दुमत नाही. दुमत आहे ते त्याच्या मागे गेलेल्यांविषयी. एका नियमानुसार स्पर्शाविना त्या पट्टीत उतरलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत रुळलेल्या नव्या नियमानुसार चढाईपटूचा पाय बाहेर पडला त्याच क्षणी चढाई संपली. पुढे कोण कुठे गेला याला किंमत नाही. म्हणजे एका पुस्तकाप्रमाणे इराणला एक गुण व भारताला अनेक. दुसऱ्याप्रमाणे इराणला एक आणि भारताला शून्य. सुवर्णपदक कोणत्या पुस्तकात आहे, एवढाच प्रश्न उरला होता. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. सुमारे तासभर खेळ थांबला. अखेरीस भारत ३३-२९ असा जिंकला.

दुसऱ्या दिवशी आपल्याकडे दोनच सूर ऐकू आले. एक विजयाचा, ज्याला नियमाशी कर्तव्य नव्हते. दुसरा पंचांना शिव्या देणारा, ज्यालाही नियमाशी कर्तव्य नव्हते. इराणचा कर्णधार फझल अत्राचली आपल्याच लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळलेला. आपले खेळाडूही तिथलेच. दोन्ही संघांना दोन्ही नियम पाठ होते, आणि ज्याला जो सोयीचा तो त्याने पुढे केला. खेळाडूंना आम्ही दोष देत नाही. वकील हेच करतो. दोष आहे तो सामना सुरू होण्यापूर्वी प्रमाण पाठ कोणता हे प्रत्येकाच्या मनात निःसंदिग्ध न ठेवणाऱ्या व्यवस्थेचा.

इथे हमखास एक वचन तोंडावर फेकले जाते: पंचाचा निर्णय अंतिम. आम्हालाही ते मान्य आहे, पण कशाबाबत अंतिम? पाय रेषेला लागला की नाही, दम तुटला की नाही, हात खांद्याला लागला की हवेत गेला, हे पंचाने पाहायचे आणि त्याचे पाहणे अंतिम मानायचे. नाहीतर खेळ पुढे सरकणारच नाही. परंतु कोणता नियम लागू आहे हे पंचाच्या डोळ्याने ठरत नसते. ते आधी छापलेले असावे लागते. डोळ्याची अंतिमता आणि पुस्तकाची अंतिमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणे हे आपल्या सार्वजनिक आळसाचे लक्षण आहे.

कॅमेऱ्याने हे सुटेल असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या फुटबॉलमध्ये कडेच्या रेषेजवळ झेललेला चेंडू वैध ठरायला व्यावसायिक सामन्यात सामान्यतः दोन्ही पाय मैदानात टेकावे लागतात, महाविद्यालयीन सामन्यात एक पाय पुरतो. तोच झेल शनिवारी वैध आणि रविवारी अवैध! पण तिथे कोणी तासभर गवतावर बसून राहत नाही, कारण आपण कोणत्या पुस्तकाखाली उभे आहोत हे खेळाडूला आधीच ठाऊक असते. उलट पुस्तकातली व्याख्याच संदिग्ध असली तर चित्रफीत कितीही वेळा हळू फिरवा, निकाल लागत नाही. जानेवारी २०१५ मध्ये डॅलसच्या डेझ ब्रायंटचा एक झेल चित्रफीत पाहून रद्द झाला; सर्वांनी सर्व काही पाहिले होते, आणि तरीही ‘झेल म्हणजे काय’ यावर लोक भांडतच राहिले. २०१८ मध्ये शेवटी व्याख्या बदलावी लागली. बदलला तो कॅमेरा नव्हे, वाक्य.

आम्हा मराठीवाल्यांना हे नवे वाटू नये. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती कशासाठी? अर्थावर वाद घालायचा तर आधी सर्वांसमोर पोथी एक हवी.

हे सारे हांगझोउपुरते असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने टिटवाळ्यानंतर खडवलीला उतरले की भातसा नदीच्या बाजूची गावे लागतात. तिथे हिवाळ्यात मातीवर सामने होतात. अशाच एका सामन्यात आमचा प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी चढाईला गेला. पाय पट्टीत, स्पर्श नाही, मागून तिघे. हुबेहूब तेच. सरपंचांनी (मुख्य पंचाला आपल्याकडे हे सुंदर नाव आहे) तिघांनाही बाद दिले. अर्धा गाव टीव्हीवरचा नियम सांगत मैदानात घुसला. सरपंच साठीचे, गावोगावच्या सामन्यांत केस पिकलेले. त्यांच्या अंगावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली. निर्णय फिरला, आमचा मुलगा हरला.

सोमवारी तो वर्गाबाहेर थांबला होता. “सर, चूक कोणाची ते नका सांगू. नियम लिहिलाय कुठे, तेवढं दाखवा.”

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ते गावच्या सामन्यावर मिळत नाही हे त्यालाही कळते. पण जिल्ह्याच्या, राज्याच्या संघाची वाट याच मातीतून जाते, आणि त्या वाटेवर एक गुण म्हणजे कधी कधी एक घर असते. आम्ही महाविद्यालयाचे ग्रंथालय धुंडाळले. एक पुस्तिका सापडली, मुखपृष्ठ गेलेली, सालाचे पान फाटलेले. त्यात राखीव क्षेत्र होते, झटापट होती, मागे गेलेल्या बचावपटूंचे काय, हे मात्र ज्या पानावर असावे ते पान वाळवीने खाल्ले होते.

चढाई, पकड, लोण, दम, झटापट ही शब्दसंपदा ज्या मातीत रुजली, तिथल्याच खेळाडूने नियमाच्या पानासाठी दारोदार फिरावे काय? लॉबी म्हणा, रेड म्हणा, आम्हाला शब्दांचे सोवळे नाही. पण लागू असलेला नियम, त्याच्या सालासकट, सामन्याआधी मराठीत वाचता आला पाहिजे. एवढे संयोजकांकडे मागण्याऐवजी आम्ही, त्याच मुलांना पाठचिकित्सा शिकवणारे, त्याला विजयाच्या बातम्या वाचून दाखवत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोन्ही नियम स्वच्छ मराठीत एका कागदावर लिहून नेले आणि सरपंचांना म्हणालो, “काका, नाणेफेकीआधी यातला एक वाचून दाखवा.” त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि बोट एका शब्दावर ठेवले. “स्पर्श म्हणजे अंगाला की कपड्यालाही, ते यात नाही, सर. पोराची बनियन ओढली तर?”

कागद आम्ही परत घेतला आहे. दुसरा खर्डा चालू आहे.