डाव सोडायचं शहाणपण

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीच्या जागरणाला पत्ते ठरलेलेच. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला रमी शिकवली. १३ पानं, त्यात एक तरी सिक्वेन्स जोकरशिवाय हवाच. नाही लागला तर हातातली सगळी पानं मोजायची, जास्तीत जास्त ८० पॉइंट. सुरुवातीलाच डाव सोडला तर २०वर सुटका. पॉइंटला दहा पैसे, म्हणजे सगळं बुडालं तरी आठ रुपये! "पानं वाईट आली की सोडायला शीक गं," त्या म्हणायच्या.

मैत्रिणींनो, खेळ वाईट नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९६७ साली रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं. पण खेळवणाराच त्यातून नफा कमवत असेल तर गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात होतं. ते आपण सोयीस्कर विसरलो.

आमच्या बचत गटातल्या एकीचे दोन हप्ते चुकले. घरी गेले तर रडूच फुटलं तिला. मुलगा रात्री पांघरुणात मोबाइलवर रमी खेळायचा. हरलेले पैसे परत मिळवायला आणखी लावायचा. शेवटी हिचं मंगळसूत्र गहाण पडलं. तिथे "पुरे आता" म्हणणारं कुणी नव्हतं.

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बरंच झालं. पण हाव कायद्याने जात नाही, ते घरातच शिकवावं लागतं. म्हणून पुढच्या जागरणाला मुलांना समोर बसवून रमी शिकवायची, चिंचोक्यांवर. पहिला धडा सासूबाईंचाच!