एलिप्टिकल घेताय? आधी मोजपट्टी घ्या

मागच्या वर्षी हापिसाच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी 6.1. वय वर्षं 28. मधुमेह 6.5 ला धरतात, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. टीममधल्या एकाने "अरे, पास आहेस की!" म्हणून पाठीवर थाप मारली. पण आमच्या बाबांची गोळ्यांची डबी मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे मला काही हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आठवड्याला किमान 150 मिनिटं घाम गाळ. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना हेच सांगते: मध्यम जोराचा व्यायाम 150 ते 300 मिनिटं. आता पुण्यात राहणाऱ्याने टेकडीवर जावं हे खरंच. ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं, फुकट आहे. पण रात्री साडेअकरापर्यंत अमेरिकेबरोबर कॉल असले की सकाळची टेकडी फक्त गजरात उरते. म्हणून घरात यंत्र. ट्रेडमिलवर धावलो की खालच्या मजल्यावरच्या काकांच्या डोक्यावर धप्प धप्प. एलिप्टिकलमध्ये पाय पेडलवरून उचललाच जात नाही, त्यामुळे आपटणं नाही, आवाज कमी आणि गुडघ्यांना हादराही कमी. प्रेकॉरने 1995 मध्ये हे यंत्र बाजारात आणलं ते याच गुणावर.

निर्णय बरोबर होता. खरेदी मात्र चुकली.

पहिलं यंत्र मी रात्री एक वाजता, सवलत संपायला 20 मिनिटं बाकी असताना, 9,000 रुपयांना ऑनलाइन घेतलं. फोटो झकास होता. स्क्रीन, नाडी मोजायचं हँडल, वर बसायला सीटसुद्धा! आल्यावर कळलं की त्याच्यावर चालता येत नाही, नुसतं वर-खाली टुणटुण करता येतं. दोन महिन्यांत टॉक-टॉक आवाज सुरू. कंपनीला फोन केला तर म्हणे वॉरंटी फक्त फ्रेमची आहे. (नाव सांगत नाही, अशा कंपन्या पैशाला पासरी आहेत.) मग त्यावर टॉवेल आले, मग बायकोच्या ओढण्या आल्या, आणि शेवटी भंगारवाला 600 रुपये देऊन घेऊन गेला. साधारण 30 वेळा वापरलं असेन. म्हणजे एका खेपेला 280 रुपये. त्यात कुठलीही जिम परवडली असती.

तर सांगायचा मुद्दा असा की, आपण "परवडणारं" म्हणजे "किंमत कमी" असं धरून चालतो. यंत्राची खरी किंमत म्हणजे दिलेले पैसे भागिले वापरलेले दिवस. आणि वापरलेले दिवस ठरतात ते एकाच गोष्टीवर: त्यावर उभं राहिल्यावर अंगाला बरं वाटतं की नाही.

ते ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट जाहिरातीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असते. स्ट्राइड. पेडल सगळ्यात पुढे असतानाची जागा आणि सगळ्यात मागे असतानाची जागा, यांतलं अंतर. माझी उंची 5 फूट 10 इंच. मला 18 इंचांच्या खाली चालल्यासारखं वाटतच नाही, जिना चढल्यासारखं वाटतं. माझी आई 5 फुटांची, ती 14 इंचांवर खुशाल असते. म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी न्या आणि चपला काढून 10 मिनिटं यंत्रावर चाला. सेल्समन वैतागेल, वैतागू दे.

दुसरं, फ्लायव्हीलचं वजन. सगळे फुशारकीने सांगतात, 6 किलो, 8 किलो. इंजिनिअरिंगला थिअरी ऑफ मशीन्स शिकलेल्यांनी तरी फसू नये. चाकात साठणारी ऊर्जा नुसत्या वजनावर नसते. ते वजन अक्षापासून किती लांब आहे आणि चाक किती वेगाने फिरतंय, दोन्हींच्या वर्गावर असते. त्यामुळे पट्ट्याने जोरात फिरणारं 6 किलोचं चाक हळू फिरणाऱ्या 8 किलोच्या चाकापेक्षा मऊ चालू शकतं. आकडा वाचू नका, पाय थांबवून बघा. चाक अलगद थांबतंय की झटका देतंय?

तिसरं, ब्रेक चुंबकाचा असावा. चाकाला काही घासत नाही, त्यामुळे झीज नाही आणि आवाजही नाही. चौथं, वजनमर्यादा. आपल्या वजनापेक्षा निदान 20-25 किलो जास्त हवी, नाहीतर सांधे लवकर खिळखिळे होतात. आणि स्क्रीनवरच्या कॅलरीजसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ज्या यंत्राने तुमचं वजन विचारलंच नाही, ते तुमच्या कॅलरीज कशाच्या जोरावर सांगणार?

एक अस्सल घरगुती सूचना. आमच्या बेडरूममध्ये 7 फुटांवर माळा आहे. पेडल वर येतं तेव्हा माणूस फूट-सव्वा फूट उंच होतो. माळ्याखाली यंत्र ठेवलं असतं तर शुगरच्या आधी कपाळमोक्ष झाला असता. हॉलची जागासुद्धा मोजूनच घ्या. अगदी खुर्च्या सरकवून.

दुसरं यंत्र 32,000 ला घेतलं. त्याच शहरात सर्व्हिस देणारा माणूस आहे याची खात्री करून. बायकोने विचारलं, "आता ओढण्या कुठे वाळत घालू?" 11 महिन्यांत साधारण 170 दिवस चाललोय. म्हणजे खेपेला 188 रुपये, आणि हा आकडा रोज थोडा खाली येतो. मागच्या महिन्यात एचबीएवनसी 5.8. अजून उंबरठ्याच्या आतच आहे, आणि श्रेय सगळं यंत्राचं नाही, संध्याकाळचे दोन साखरेचे चहाही सुटलेत.

ज्यांच्याकडे 32,000 नाहीत त्यांनी हप्त्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि 9,000 वालं तर मुळीच घेऊ नये. ते पैसे चांगल्या बुटांना द्या आणि सोसायटीच्या आवारात रात्रीच्या कॉलवर फेऱ्या मारा. कॅमेरा बंदच असतो तसाही.

असो. कॉल संपला, यंत्रावर चढतो.